नाव चढवणं

आमच्याकडे लेकीचं लग्न झालं की दोन कामं लांबवायची नसतात. एक, जावयाला पहिल्या सणाचं बोलावणं. आणि दुसरं, रेशनकार्डावरून लेकीचं नाव कमी करणं. 'कमी करणं' हाच शब्द आहे. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झाल्याचा दाखला मिळतो, तो सासरी न्यायचा आणि तिथल्या कार्डावर नाव 'चढवायचं'. माझ्या वडिलांनी हळदीचे डाग पडलेला शर्ट धुवायला टाकला आणि त्याच आठवड्यात माझं नाव कमी करून आले. सासरच्यांनी मात्र ते कधी चढवलं नाही. 'बघू की' म्हणत त्यांनी काही वर्षं काढली, आणि मग मीच तिथून कमी झाले.

परत आले तेव्हा वडील गेलेले होते आणि आईची नोकरी संपत आली होती. बाहेरच्या खोलीत मी मशीन मांडलं. साडीला फॉल, पिको, अधूनमधून ब्लाउज. नावाचं कुणी बोललं नाही. तांदूळ काय, दुकानातूनही आणता येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे येणार आहे ते नुसता जळकेपणा वाटेल. तसा तो जळकेपणाच होता, पण त्याला पाया होता.

आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. लशीचा निळा डबा खांद्याला अडकवून ती सकाळी निघायची आणि आमच्या भागातल्या गल्ल्या पालथ्या घालायची. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरात तिला तेलुगू यायची, मोहल्ल्यात दखनी यायची, आणि घरी आली की तिला काहीच यायचं नाही, डोळे मिटून पडून राहायची. माझ्या डब्यात शेजारच्या काकूंची भाकरी असायची. तिसरी-चौथीत असताना मी एकदा शाळेतून थेट दवाखान्यात गेले, खिडकीवर रांग लावून केसपेपर काढला आणि बाकावर जाऊन बसले. मला काही झालेलं नव्हतं. पोरांच्या कपाळावर हात ठेवायची तिची एक पद्धत होती, उलटा हात, बोटांच्या पाठीनं. तो हात मला हवा होता. माझा नंबर आला तेव्हा तिनं केसपेपर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घरच्यांना केसपेपर लागत नसतो. जा घरी." मागच्या बाईचं पोर तिनं मांडीवर घेतलं. त्या पोराचा शेंबूड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

म्हणून ती निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता ही माझी. गावाचं सगळं करून झालं, आता उरलीसुरली तरी माझ्या वाट्याला येईल. दोन-तीन वर्षं तसं बरं चाललंही. मी मशीन चालवायची, ती शेजारी बसून हुक लावायची, डोळ्यांवर चष्मा, तोंडात बडीशेप.

आणि मग ती सुया विकणारी आली.

आमच्या घरामागे रेल्वेच्या बाजूला मोकळी जागा आहे, तिथं अधूनमधून पालं पडतात. चार काठ्या, वर ताडपत्री, बाहेर चूल. महिना-दीड महिना राहायचं आणि उठून दुसरीकडे जायचं, असं त्या लोकांचं पिढ्यान्पिढ्या चाललेलं. तिथली ती. विशीच्या आसपासची असेल. शिवणकामाच्या घरी सुया खपतील म्हणून लोखंडी जिना चढून माझ्याकडे आली. तिला आधी मी ओळखत होते, हे आई सोयीस्कर विसरते.

"आक्का, सुया घे की. दाभण हाय, पोत हाय, फणी हाय," ती म्हणाली. एवढं म्हणायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

मी सुया घेतल्या. आई आत भांडी लावत होती. तिनं सुया बघितल्या नाहीत, पोरीला बघितलंही नाही. आतून नुसता श्वास ऐकला आणि ओले हात पुसत बाहेर आली. "बस गं बाय. खाली बस. ओठ दाखव."

बाय. मला ती जन्मभर 'अगं' म्हणत आली आहे.

पोरगी बसली. आईनं तिची नाडी धरली, पायाला बोट दाबून सूज बघितली, लहानपणी घसा धरून ताप यायचा का, सांधे सुजायचे का, असं काय काय विचारलं. पोरीनं कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले केसपेपर काढले. तीन होते. एकावर गाव मोहोळ, दुसऱ्यावर पंढरपूर, तिसऱ्यावर मैंदर्गी. वय एकावर अठरा आणि एकावर सत्तावीस.

"खरं गाव कुठलं तुझं?" आईनं विचारलं.

"सगळी खरीच हायत की. खिडकीवरचा मानूस इचारतोय, गाव कुटलं. त्या दिशी पालं जितं हुती, त्ये सांगितलं. खोटं कशाला सांगू?"

"आणि वय?"

"त्यो म्हनला किती लिवू, मी म्हनलं लिवा की तुमच्या मनानं."

मला हसू आलं. आई हसली नाही. आपल्याला गाव विचारलं की आपण सात पिढ्यांचं सांगतो, मग तिथं आपली एक वीट नसली तरी चालते. तिच्या लेखी काल जिथं चूल पेटली ते गाव. त्यामुळे दर ठिकाणी ती नवी पेशंट होती. दर ठिकाणी पहिल्यापासून तपासणी, पहिल्यापासून गोळ्या, आणि दर ठिकाणी शेवटी एकच सल्ला, की आपल्या तालुक्याला जाऊन उपचार घ्या. एका डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, हृदयाची झडप आकसली आहे, ऑपरेशन लागेल. सरकारी योजनेत ते फुकट होतं. योजनेला रेशनकार्ड हवं. रेशनकार्डाला आधार हवं, आधारला पत्ता हवा, आणि पत्त्याला घर. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा सगळा मामला. तिची आईही अशीच दम लागून गेली होती, अक्कलकोटच्या वाटेवर, हे तिनं सुयांची पुडी बांधता बांधता सांगितलं.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं वारं फिरलं. ऑपरेशन होईपर्यंत तिला दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागणार होतं, आणि ते चुकवायचं नव्हतं. आई तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची. पालं हलणार असं कळलं की जाऊन तिच्या नवऱ्याला दम द्यायची. तो भंगार गोळा करायचा, बिचारा आईला बघितलं की बिडी पायाखाली टाकायचा. एक दिवस मी आत गेले तर आई चुलीपाशी उभी राहून हुलग्याचं माडगं ढवळत होती.

"काय करायलीस?"

"तिला देते की. अशक्त हाय पोरगी. मीठ कमी टाकलंय."

माझ्या बाळंतपणात, जे शेवटी निभावलं नाही, त्या वेळी माडगं शेजारच्या काकूंनी केलं होतं. आईची तेव्हा पोलिओची ड्युटी होती. मी म्हणाले, "मलाही ठेव थोडं." ती म्हणाली, "तुला काय झालंय?" खरंच काही झालं नव्हतं. मी मशीनवर जाऊन बसले आणि एका साडीला उलटा फॉल लावून ठेवला.

सांगायचं तर, ती पोरगी वाईट नव्हती. त्याचाच राग जास्त. वाईट असती तर बोलता आलं असतं. ती आली की आधी माझ्या मशीनखालची चिंध्या-दोऱ्यांची रास गोळा करायची, मग आत जायची. आई तिच्याशी जे बोलायची ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. आई नर्सिंगला गेली तेव्हा वसतिगृहात तिला वेगळं ताट देऊन बाजूला जेवायला बसवायचे, हे मला कुणाकडून कळलं? तर त्या पोरीकडून. "सिस्टरबाईला बी खिडकीवर लई उबं केलेलं हाय, आक्का," ती मला सांगत होती. माझ्या आईची गोष्ट मला सांगत होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे.

मग एक दिवस हुक लावता लावता आई म्हणाली, "तिचं नाव आपल्या कार्डावर चढवता येईल का, बघायला पायजे."

माझा पाय पेडलवरून सुटला. कोण कुठली, तिचं नाव चढवायचं. मला वाटलं, जाऊ दे, ऑफिसात जे सांगायचं ते सांगतीलच. आईचे गुडघे दुखतात म्हणून मीही सोबत गेले. खरं म्हणजे तिचा पचका बघायला गेले.

पुरवठ्याच्या ऑफिसातला कारकून सभ्य होता. त्यानं आमचं केशरी कार्ड उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "आजी, कुटुंबातलं माणूसच चढतं. लेक, सून, नातवंड. ही तुमची कोण?"

आई गप्प. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला खिडकीपुढे गप्प बघितलं. तेवढ्यात कारकुनाचं बोट कार्डावरच्या एका आडव्या रेघेवर थांबलं. "इथं लेकीचं नाव कमी केलेलं दिसतंय. ह्या का? परत आल्यात का? मग यांचं चढवा की. घटस्फोटाचा आदेश आणा, लगेच करू."

माझा काही कोर्टातला घटस्फोट झालेला नाही. नवऱ्यानं सोडलं आणि मीही सोडलं, एवढंच. पण त्या क्षणी मला आदेशाची फिकीर नव्हती. मी आईकडे बघत होते. आता तरी तिच्या ध्यानात येईल, असं वाटत होतं. तिनं कार्डावरची रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि कारकुनाला म्हणाली, "हिचं राहू द्या हो नंतर. आधी तिचं कसं करायचं ते सांगा."

घरी आल्यावर मी सगळं काढलं. केसपेपर, माडगं, पोलिओची ड्युटी, सगळं. आई पंख्याखाली बसून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुला कोण घराबाहेर काढायलंय का? तू घरातच हाईस की."

"घरातच आहे म्हणून तर," मी म्हणाले.

तिला ते कळलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे विकणाऱ्याला कळतं, पिकवणाऱ्याला नाही.

कारकुनानं वाट दाखवली होती ती अशी: पोरीचं स्वतंत्र कार्ड काढायचं. त्यासाठी ती आमच्या खालच्या खोलीत राहते, असं घरमालकाचं संमतीपत्र द्यायचं. आणि इथं गंमत झाली. घर वडिलांच्या नावावर होतं, त्यांच्या मागं वारस म्हणून आई आणि मी, अशी दोघींची नावं उताऱ्यावर लागली होती. रेशनकार्डातून मला कमी करता आलं, वारसातून नाही. संमतीपत्रावर माझी सही लागणार होती.

आईनं तो कागद माझ्या मशीनवर ठेवला आणि काही न बोलता आत गेली. तिला मागायची सवय नाही. मी तो कागद तिथंच ठेवला. एका ब्लाउजला बाह्या लावल्या, दुसऱ्याला लावल्या. मला असं सुख बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. आई दोनदा बाहेर येऊन पाणी पिऊन गेली, तिला तहान नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अर्ध्यावर थांबली. मी वाट बघितली. पुन्हा दोन पायऱ्या, पुन्हा थांबली. मधल्या वेळेत मला तो श्वास ऐकू येत होता, आईनं पहिल्या दिवशी ऐकला तसा. ती वर आली तेव्हा ओठ निळसर पडले होते आणि हातात माझ्यासाठी आणलेली सुयांची पुडी होती, मी मागितलेल्या नंबरची. आई बाहेर यायच्या आत मी सही केली. दयेनं केली असं म्हणवत नाही. आईनं सांगायच्या आधी केली, हे मला महत्त्वाचं वाटत होतं.

आणि मग पुढचं सगळं मीच केलं. आईला म्हणाले, "तुझे गुडघे दुखतात, तू बस." खालची खोली आवरून दिली. आधारच्या सेंटरवर तिला मी नेलं, फोटोसाठी केस मी विंचरले, जन्मतारीख विचारल्यावर ती हसायला लागली तेव्हा मीच एक दिवस ठरवून दिला. आई खिडकीवर दरडावून बोलायची, लोक तिला घाबरून काम करायचे. मी सोबत हुक लावायचे ब्लाउज न्यायची आणि बाकावर बसून राहायची. माणूस उठून जात नाही असं दिसलं की शेवटी काम करतात. तिच्यापेक्षा माझं काम बरं झालं, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगितलं नाही. दोन वेळा पालं हलली, खोली सोडून ती नवऱ्यामागं गेली, आणि दोन्ही वेळा मीच एसटीनं जाऊन तिला इंजेक्शनला घेऊन आले. परत आल्यावर आई विचारायची, "ती कशी हाय?"

कार्ड आलं. मी ते हातात घेऊन उन्हाकडे धरून बघितलं. आमची गल्ली, आमचा घरनंबर, आणि तिचं नाव. सरकारच्या लेखी आता त्या पत्त्यावर आई राहते आणि ती राहते. मी कुठंच राहत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणायचं तरी कुणाला, बीळ मीच सही करून दिलं होतं. पोरीनं कार्ड उघडून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. "ह्ये दावलं की आता हाकलत न्हाईत न्हवं, आक्का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. तेवढ्यापुरतं पोटातलं जरा निवलं.

ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. तिचा नवरा व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उकिडवा बसून होता, आई पदर खोचून दारापाशी, मी बाकावर. संध्याकाळी सांगितलं की झालं, नीट झालं, शुद्धीवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून नर्स आली. "पेशंटजवळ एकच जण. पास एकच आहे. नवरा आत यायला घाबरतोय. बायकांपैकी कोण येतंय?"

आई पुढे झालीच होती. चपला काढून, हात धुऊन, आपलीच ड्युटी असल्यासारखी. नर्स म्हणाली, "थांबा, तिला विचारते," आणि आत जाऊन आली. "ती म्हणतेय, आक्काला पाठवा."

"तिला नीट ऐकू आलं नसंल," आई म्हणाली. "सिस्टरबाई आल्यात म्हणून सांगा."

"आजी, दोनदा विचारलं मी. आक्का कोण?"

आईनं चपला परत पायात घातल्या आणि बाकावर माझ्या जागी बसली. माझं हे तोंड मी आरशात कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर बघितलं.

आत ती उताणी पडली होती, छातीवर पट्टी, नाकात नळी. मला बघून तिनं बोटं हलवली. मी स्टूल ओढून बसले. विचारू नये असं ठरवलं होतं तरी विचारलंच, "सिस्टरबाईला का नको म्हणालीस?"

तिला बोलायला वेळ लागला, पण मध्ये दम घ्यायला थांबावं लागलं नाही. "त्यास्नी बघितलं की मला आईच आल्यावानी हुतंय. रडू येतंय. रडलं की टाकं लई दुकत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी रागीट हाय, आक्का. तुमच्याम्होरं रडू येत न्हाय."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले आणि पास संपेपर्यंत बसून राहिले.

घरी येताना रिक्षात आई बाहेर बघत होती. आमची गल्ली आल्यावर म्हणाली, "तुलाच का बोलावलं गं तिनं?"

एक वाक्य सांगितलं असतं तर तिचा चेहरा तिथल्या तिथं उजळला असता. उद्या सांगायचंच होतं. पण एक रात्र तिलाही कळू दे, म्हटलं. मी आख्खा जन्म काढलाय.

"कुणास ठाऊक," मी म्हणाले, आणि रिक्षावाल्याला वळायला सांगितलं.